आकडी, झटके की अपस्मार?

वेंगुर्लेकर: आंब्यावर फवारणी करणाऱ्यांसाठी विषबाधेचं पत्रक मराठीत करतोय. 'चेतापारेषकांची (म्हणजे नसांमधून निरोप पोचवणाऱ्या रसायनांची) पातळी बिघडून अपस्मार येतो' असं लिहिलं. गड्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "म्हणजे आकडी मां? मगे तसाच लिवा." छापील मजकुरात आकडी चालेल?

खाडीकाठ: न चालायला काय झालं? बोटं आकड्यासारखी वळतात म्हणून आकडी. आमची आजी लगेच कांदा फोडून नाकाशी धरायची. कांद्याचा उपयोग शून्य, पण शब्द अस्सल.

जुनी पोथी: आकडा नव्हे हो, 'आखडणे'वरून असणार. आणि अपस्मार चांगला रुळलेला असताना गड्याची भाषा कशाला?

कुडाळचा डॉक्टर: अपस्मार नकोच. तो वारंवार झटके येणारा आजार. विषाने एकदा आले तर त्याला अपस्मार म्हणत नाहीत. शिवाय अप-स्मार म्हणजे भान जाणं. काजऱ्याच्या झाडाच्या बियांतलं विष, स्ट्रिकनीन, पोटात गेलं तर माणूस पूर्ण शुद्धीवर असतो आणि अंग धनुर्वातासारखं कमानीत ताठतं.
'पातळी'ही जपून वापरा. ग्लायसीन हा चेतापारेषक म्हणजे मज्जारज्जूतला ब्रेक. स्ट्रिकनीन त्याची बसायची जागा अडवतं. ग्लायसीन असतं, पण त्याचं काही चालत नाही. टीबीची आयसोनियाझिड गोळी प्रमाणाबाहेर गेली तर बी-६ जीवनसत्त्व अडतं आणि गाबा, म्हणजे मेंदूतला ब्रेक, मुळात बनतोच कमी. म्हणून उतारा बी-६चाच. तुमच्या फवारणीतल्या ऑरगॅनोफॉस्फेटचं तिसरंच. ॲसिटिलकोलीन या चेतापारेषकाला मोडणारं एन्झाइम बंद पडतं आणि ॲसिटिलकोलीन साचत जातं.

खाडीकाठ: साचतं नाही डॉक्टर, तुंबतं! निचरा बंद झाला की मोरी तुंबते.

जुनी पोथी: मेंदूत मोरी! धन्य.

खाडीकाठ: तुमच्या 'पारेषका'ने मला विजेचे मनोरे दिसतात, त्याचं काय?

माहेर मालवण: काजरो! लहानपणी त्याची नारिंगी फळं भातुकलीत घेतली म्हणून मार खाल्लाय. आत बटणासारख्या चपट्या बिया. काजरा आणि कुचला एकच ना?

कुडाळचा डॉक्टर: एकच. आयुर्वेदात कुचला, शोधन करूनच वापरतात.

माहेर मालवण: पण धनेश पक्षी ती फळं खातो, त्याला कसं काही होत नाही?

वेंगुर्लेकर: मंडळी, पत्रक उद्या छापायला जायचंय. आकडी ठेवू का?

जुनी पोथी: धनेश गर खातो, बिया टाकतो. बाकी 'आखडणे'चं माझं म्हणणं अजून कुणी खोडलेलं नाही.