दम्याच्या नव्या इंजेक्शनची चाचणी: आईचं नाव द्यावं का?

घाटावरचा: आई ५२ वर्षांची. रोज दोन वेळा पंप घेते, तरी पहाटे तीनला उशीला टेकून बसते. वर्षात तीनदा स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या. आता डॉक्टर म्हणतात, नव्या इंजेक्शनची चाचणी आहे, नाव देता का? काहींना औषध, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही कळणार नाही म्हणे. माझं मत स्पष्ट आहे: धाप लागलेल्या बाईला मिठाचं पाणी टोचणं बरं नाही.

पेठकर: पाणी औषधाच्या *जागी* नसतं हो. पंप सगळ्यांचाच चालू राहतो. तुलना केली नाही तर फसगत कशी होते ते मेपोलिझुमॅब या दम्याच्या इंजेक्शनने दाखवलंय. २००७ मध्ये साडेतीनशेहून जास्त दमेकऱ्यांवर तपासलं, हाती काही लागलं नाही. २००९ मध्ये इंग्लंड-कॅनडात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेलेच मोजके रुग्ण घेतले, आणि अटॅक कमी झाले. औषध तेच, माणसं पारखून घेतली. आईंचे इओसिनोफिल किती आहेत?

रत्नांग्री: पेठकर, अर्धंच सांगितलंत. सहा महिन्यांनी एकदा घ्यायच्या डेपेमोकिमॅब या दम्याच्या इंजेक्शनच्या चाचण्या २०२४ मध्ये छापून आल्या. पहिल्या चाचणीत वर्षाला माणशी अटॅक ०.४६, प्लासिबोवाल्यांना, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांना, १.११. छान! पण रोजचं जगणं किती सुसह्य झालं, या प्रश्नावलीत दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. पहाटे तीनची धाप तशीच राहणार असेल तर काय उपयोग? शिवाय चाचणी संपल्यावर इंजेक्शन कोण देणार, हे संमतीपत्रात वाचल्याशिवाय सही नको.

पेठकर: ते मान्य. पण अटॅक निम्म्यावर आले म्हणजे गोळ्यांचे कोर्सही कमी. त्या गोळ्यांनी माझ्या मावशीची साखर नि हाडं दोन्ही गेली. तुम्ही हिशेबात तेवढं धरत नाही.

स्पेसरताई: भांडा सावकाश. आधी आईंना तुमच्यासमोर पंप घ्यायला सांगा. माझे सासरे चार वर्षं आधी श्वास पूर्ण ओढून घ्यायचे, मग बटण दाबायचे. औषध सगळं जिभेवर!

घाटावरचा: आत्ताच घ्यायला लावला. तोंडातून पांढरा धूर बाहेर आला. "हे असंच असतं रे," म्हणाली. उद्या स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती नळी, आणतो. इओसिनोफिल कधी तपासलेच नाहीत. चाचणीला माझा अजून नकारच आहे, पण ती म्हणते सही माझी, तू कोण ठरवणार?