पाचशे भरून पळायचं आणि त्यातून धान्य द्यायचं, यात चुकलं काय?

गोलाईकर

रविवारी लातुरात आमच्या धान्य बँकेसाठी सायकल फेरी (औशाच्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत) आणि पाच किलोमीटरची फन रन झाली. सोमवारी इथंच एकानं लिहिलं, "भरल्या पोटी पाचशेचा टी-शर्ट घालून पळायचं आणि त्याला भुकेल्यांची सेवा म्हणायचं. द्यायचं तर गुपचूप द्या, गावभर मिरवू नका." दोन दिवस गप्प बसलो. आज राहवेना.

आधी हिशेब. नोंदणी ५००. त्यात टी-शर्ट १६५, पदक ६०, पोहे-केळी-पाणी ४५, अँब्युलन्स-मांडव-छातीवरचे नंबर मिळून ४०. माणशी १९० उरले. ३८० जण आले, म्हणजे ७२,२०० रुपये. एका घराचा महिन्याचा शिधा आमच्याकडं हजारात बसतो : आठ किलो तांदूळ, पाच किलो गव्हाचं पीठ, दोन किलो तूरडाळ, लिटरभर तेल, वर मीठ-मिरची-साखर. बहात्तर घरांचा एक महिना निघाला. कमी वाटत असेल तर वाटू द्या. पण त्याच सकाळी ६१ जणांनी दर महिन्याला धान्य द्यायचं लिहून दिलं.

आता गुपचूप देण्याबद्दल. चार वर्षं आम्ही गुपचूपच देत होतो. अकरा जण होतो, अकराच राहिलो. दर मे महिन्यात कोठी रिकामी. शनिवारी दुपारी तराजूपाशी मी उभा असतो. एक आजी येतात. पिशवी पुढं करायच्या आधी दाराबाहेर जाऊन ती उलटी करून झटकतात, दोनदा. मापताना चार दाणे सांडले तर पदर खोचून वेचतात. त्यांना मे महिन्यात "पुढच्या शनिवारी या" असं तोंडानं सांगायची वेळ माझ्यावर आली होती, लिहिणाऱ्यावर नाही.

बांधावरचा

लिहिणारा मीच. शब्द मागं घेत नाही. पाचशेतले ३१० टी-शर्ट-पदक-मांडवात आणि १९० पोटात, हे तुम्हीच मांडलंत.

मला मिरवण्याचा राग का येतो ते ऐका. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वडिलांचं गॅरेज बंद होतं. किट वाटायला लोक आले. एका पिशवीला नऊ हात लावून उभे राहिले, आईचे दोन धरून अकरा. "ताई, इकडं बघा" म्हणून तिला तीनदा मान वर करायला लावली. संध्याकाळपर्यंत तो फोटो मामाच्या गावात पोचला होता. पीठ आम्ही खाल्लं, खावंच लागलं. पण त्यातली तेलाची पिशवी आईनं फोडली नाही. वर्षभर फळीवर पडून होती.

रविवारी तुमच्या स्टेजमागच्या बॅनरवर रिकामं ताट धरलेलं एक लेकरू होतं. कुणाचं लेकरू ते? त्याच्या मायबापाला विचारलं होतंत का?

पेडल_परभणी

मी परभणीहून मुद्दाम आले होते, चाळिशीत सायकल शिकलेली बाई आहे. आमच्या गटात सगळ्या पहिल्यांदाच एवढं अंतर चालवत होत्या. एरवी सायकलवरून निघालं की "गाडी परवडत नाही का वहिनी" ऐकावं लागतं. औसा रोडला ट्रक अंगावर येतात, कडेची पट्टी खडीनं भरलेली. त्या दिवशी पोलीस होते म्हणून निभावलं. सायकलसाठी धड कडा नाहीत आपल्याकडं, यावर कुणी कधी धागा काढत नाही. आणि काढलं ते बाईच्या टी-शर्टाचं माप!

बांधावरचा

टी-शर्टाची किंमत काढली, माप नाही. मुद्दा धान्याचा आहे, रस्त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो तिथं.

बहात्तरचा

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई-बाप आमच्याच शिवारातल्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होते, मी आणि बहीण खडीच्या ढिगाऱ्यावर. लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. पोरांना सुकडी. पण आई म्हणायची, "हे आपण फोडलेल्या खडीचं हाय." कुणापुढं हात पसरला नाही. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ साली, महाराष्ट्रानं देशाला दिला. काम मागा, काम मिळालंच पाहिजे. तुम्ही लोकांना आयतं घ्यायची सवय लावायलाव.

गोलाईकर

काका, तुमच्या आईला माझा नमस्कार. पण माझ्या यादीत ज्या घरांना आम्ही देतो त्यात निम्म्या सत्तरीच्या बाया आहेत. त्यांनी आता कोणती खडी फोडायची? "आयतं" हा शब्द त्यांच्यासमोर बोलून दाखवा. शनिवारी या.

बहात्तरचा

मला आव्हान देऊ नका. मी म्हाताऱ्यांबद्दल बोललो नव्हतो. धडधाकट लोकांबद्दल बोललो.

शिधापत्रिका

मी तहसीलच्या बाहेर बसून लोकांचे अर्ज भरून देते. माझं दोघांशीही भांडण आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य घराला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, घरटी ३५ किलो मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. हा हक्क आहे, सेवा नाही. मग तुमच्या दारात पिशवी घेऊन लोक का येतात, हे बँकेनं कधी विचारलं का?

मी सांगते. नवरा वारला, बाई लातुरात खोली करून धुणंभांडी करते. नाव मात्र गावाकडच्या कार्डावर, सासऱ्याच्या नावाचं कार्ड, दीर दर महिन्याला अंगठा देऊन सगळं उचलतो. आता एका राज्यात कुठल्याही दुकानातून घेता येतं म्हणतात, पण कार्ड एकच आहे ना! दिरानं उचललं की हिला काय उरणार? नाव कमी करून वेगळं कार्ड काढायला गावचीच कागदं, आणि गावात तिला कुणी उभं करत नाही. दुसरी तऱ्हा : बोटाचे ठसे झिजलेले, मशीन घेत नाही. तिसरी : चार वर्षांचं पोर, कार्डात नाव नाही.

आणि केशरी कार्डवाले शेतकरी. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत त्यांना दोन रुपयांनी गहू, तीन रुपयांनी तांदूळ मिळायचा. ते बंद करून २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये खात्यावर, पुढं १७० केले. पाच किलो धान्य दुकानातून घेऊन बघा त्यात.

पळा, सायकली चालवा, पण पळणाऱ्या ३८० जणांतल्या दहा जणांनी माझ्या शेजारी बसून अर्ज भरले तर तुमची यादी अर्धी होईल.

केजकर

आमच्या बीडकडं तर दसरा-दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला. मागं राहतात आजा-आजी आणि शाळेची पोरं. कार्ड आहे, नाव आहे, अंगठाही लागतो. पण दुकान दुसऱ्या वस्तीवर आणि आज्याचे गुडघे गेलेले. कायदा दारापर्यंत येत नाही ताई. पाडव्याला टोळ्या परत येईपर्यंत कुणीतरी पिशवी पोचवायचीच असते.

ओहायो_औसा

मी औशाचा, सध्या अमेरिकेत. इथं फूड पॅन्ट्रीसाठी असल्या रन सर्रास होतात, कुणाला वावगं वाटत नाही. जगातली पहिली फूड बँक १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्सला निघाली. बँक म्हणजे मोठं कोठार आणि पॅन्ट्री म्हणजे गल्लीतली खिडकी, जिथून घरं धान्य नेतात. बऱ्याच पॅन्ट्रीत आता बांधलेली पिशवी देत नाहीत. फळ्यांवर माल मांडतात, माणूस स्वतः निवडतो, दुकानात गेल्यासारखा. बांधावरचा यांच्या आईच्या गोष्टीला उत्तर कदाचित तिथं आहे.

बांधावरचा

अमेरिका कशाला? औरंगाबादेत २०१५ ला रोटी बँक निघाली, घराघरातून पोळी-भाजी यायची, भुकेल्यानं यायचं आणि न्यायचं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, पंगतीत बसलेल्याला कुणी नाव विचारत नाही. आपल्याकडं रीत आहे. ती सोडून पदकं वाटायलोत.

मालदांडी

तुम्ही सगळे हिशेबात अडकलात, माझं लक्ष वरच्या शिध्यावर गेलं. आठ किलो तांदूळ! हा मराठवाडा आहे का कोकण? ज्या आज्या पिशवी झटकतात त्यांनी जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली. भातानं दोन तासांत परत भूक लागते. रेशनवरही तांदूळ, शाळेत तांदूळ, आता दानातही तांदूळ. रब्बीच्या शाळूचं कोठार म्हणवणाऱ्या मुलखात ज्वारी द्यायला कुणाला सुचत नाही?

काळी_माती

ज्वारी द्या म्हणणं सोपं आहे. पेरतं कोण? उदगीरकडं माझी पाच एकर आहे. काढणीला माणूस मिळत नाही, ज्वारी उपटायला आता कुणी वाकत नाही. हुरड्यात आली की पाखरं, मग रानडुकरं. म्हणून सोयाबीन. आणि सोयाबीनला २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, मी विकलं चार हजाराच्या आसपास. त्याच वर्षी मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,४२१. आता सांगा, भाकरीच्या प्रेमापोटी किती एकर पेरू?

मालदांडी

चांगली मालदांडी आज बाजारात गव्हाला मागं टाकते. कडब्याचे पैसे वेगळे. तुम्ही जनावरं विकून टाकलीत म्हणून कडबा नको झाला, हे खरं कारण आहे.

काळी_माती

माझ्या दावणीला काय बांधलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली मी. शौक म्हणून नाही विकली. शब्द जपून वापरा.

मालदांडी

बैलांचं मला माहीत नव्हतं. तेवढं वाक्य मागं घेतो. ज्वारीचं घेत नाही.

गोलाईकर

ज्वारीवर मी बोलू का, कारण पिशवी मी भरतो. सुरुवातीला आम्ही ज्वारीच देत होतो. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायांनीच तांदूळ मागितला. सहाला घर सोडायचं, रात्री आठला परत. दळणाचे पैसे, गिरणीचा हेलपाटा, पीठ दोन आठवड्यांत कडू होतं, भाकरीला गॅस जास्त जळतो. भात दहा वर्षांची पोरगीसुद्धा कुकरला लावते, आई घरी नसताना. हे त्यांचं म्हणणं, माझं नाही.

शिधापत्रिका

आणि म्हातारी माणसं? त्यांना विचारलंत?

गोलाईकर

नाही. सगळ्यांना एकच पिशवी केली. मोजायला सोपं जातं म्हणून.

मालदांडी

हेच म्हणत होतो दोन तासांपासून!

ओहायो_औसा

म्हणून म्हटलं, फळीवर मांडा. ज्याला ज्वारी हवी तो ज्वारी उचलेल.

पेडल_परभणी

पदकाचे ६० रुपये मला नको होते. घरात ठेवायला जागा नाही. नोंदणीच्या अर्जात "टी-शर्ट नको, पदक नको" असा रकाना असता तर मी ४१५ रुपये थेट धान्याला दिले असते. पण फेरीच नसती तर एक रुपयाही दिला नसता, कारण तुमची बँक आहे हेच माहीत नव्हतं. बांधावरचा, हे तुम्हाला पटत नसलं तरी खरं आहे.

बांधावरचा

फेरीमुळं लोकांना कळलं, मान्य. नाइलाजानं मान्य. बॅनरवरच्या लेकराचं उत्तर अजून आलेलं नाही.

गोलाईकर

ते लेकरू कुठलं हे मलाही माहीत नाही. फ्लेक्सवाल्यानं नेटवरून काढलं, मी बघून "चालेल" म्हटलं. चूक माझी. तो फ्लेक्स आता कोठीत आडवा घातलाय, उलटा, पोत्यांखाली ओल येऊ नये म्हणून. वाटप करताना आम्ही आजवर एकही फोटो काढलेला नाही, पण तो बॅनर लावून मी तेच केलं हे तुमच्या आईची गोष्ट वाचल्यावर कळलं. त्यांना सांगा.

बांधावरचा

सांगणार नाही. तिला तो विषय काढलेला चालत नाही.

बहात्तरचा

शनिवारी किती वाजता उघडता? मी पळायला येणार नाही. तराजू धरता येतो.

गोलाईकर

दोन ते पाच. गूळ मार्केटच्या बाजूनं या, तिकडून चढ नाही.

शिधापत्रिका

गोलाईकर, कार्ड दिराकडं अडकलेल्या बायांची नावं वेगळी काढा. बुधवारी मी तहसीलला आहे. आधार आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊनच पाठवा, नाहीतर त्यांचा एक दिवसाचा रोज जातो.

काळी_माती

घरी खायला पेरलेली वीस गुंठे ज्वारी आहे. काढणी झाली की दोन कट्टे लातूरला टाकतो. आख्खी देऊ की दळून?

मालदांडी

आख्खी. दळून दिली तर पंधरा दिवसांत कडू होईल, वर गोलाईकरांनी सांगितलंच आहे. दळणाचे पैसे मी भरतो, गिरणीवाल्याकडं खातं उघडा.

काळी_माती

मी गोलाईकरांना विचारलं होतं.