शुगरच्या जखमेवर कोरडा गॉझ बंद करा!

मिरजकर: सासूबाईंना शुगर आहे, पायाच्या अंगठ्याखाली जखम झालीय. दवाखान्यात रोज गॉझ लावतात आणि दुसऱ्या दिवशी तो वाळून असा चिकटलेला असतो की काढताना नवीन आलेली कातडीपण सोलून निघते, रक्त येतं, त्या नुसत्या कळवळतात. दुसऱ्या डॉक्टरांनी जखम ओलसर ठेवणारं फोमचं ड्रेसिंग सांगितलंय, तीन-चार दिवसांनी बदलायचं. माझं स्पष्ट मत आहे, उघड्या जखमेवर कोरडा गॉझ बंदच व्हायला पाहिजे.

वॉर्डसिस्टर: बंद करा म्हणणं सोपंय ताई. आमच्या ग्रामीण रुग्णालयात गॉझ, कापूस, बँडेज एवढंच येतं. आणि पू झालेली जखम रोज उघडून बघावीच लागते, चार दिवस झाकून ठेवली तर आत काय चाललंय कळणार कसं? गॉझवर सलाईन सोडायचं, जरा थांबायचं, अलगद सुटतो. ओढणाऱ्याचं चुकतंय, गॉझचं नाही.

मिरजकर: बाहेर एवढी रांग असताना थांबतंय कोण सिस्टर? 1962 मध्येच जॉर्ज विंटर ह्या संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखवलंय की प्लास्टिकच्या पातळ फिल्मखाली ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते, खपली धरलेल्यापेक्षा. तरी आपल्याकडे अजून 'हवा लागू दे, सुकू दे' चालूच. फोम महाग, मान्य, पण रोजची रिक्षा, ड्रेसिंगचे पैसे, ह्यांची अर्ध्या दिवसाची रजा, हे कोण धरतं हिशोबात?

केळीचंपान: ओलसर म्हणजे महागच असं नाही हं. मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. माधुरी गोरेंनी भाजलेल्या पेशंटना निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचं ड्रेसिंग केलंय. पान गुळगुळीत, जखमेला धरत नाही, काढताना दुखत नाही. त्याआधी डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याची सालं वापरली होती. असलं स्वस्तातलं काम पुढे न्यायचं सोडून आपण कंपन्यांच्या मागे का लागलोय?

वॉर्डसिस्टर: निर्जंतुक केलेलं, हे ठळक लिहा प्लीज! नाहीतर लोक परसातलं पान तोडून बांधतील. मधाचंही तेच, जखमेसाठीचा मध निर्जंतुक केलेला असतो, स्वयंपाकघरातली बाटली नाही चालत.

आणि मिरजकर ताई, फोम लावा नाहीतर गॉझ, सासूबाई त्याच पायावर भार देऊन चालत असतील तर जखम भरणार नाही. पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का? डॉप्लर झाला नसेल तर आधी तो करून घ्या, तीन महिन्यांची शुगर पण बघा आणि रिपोर्ट इथे टाका. मग फोमवर भांडू.