दिवाळी उरकली, पण अंगातला शीण जात नाही. साधे उपाय सुचवा

मंडळी, मदत हवी आहे.

राहायला जळगावात, सासर यावल तालुक्यात. भाऊबीज झाली की बाकीच्यांची दिवाळी संपते, आमची नाही. इथे पाडव्यापासून वहनं, म्हणजे देवाच्या वाहनांच्या मिरवणुका, निघायला लागतात, कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ. १८७२ पासून चालत आलेला उत्सव, त्याला नाही म्हणायची माझी टाप नाही आणि इच्छाही नाही. पण रथ बघायला नणंदेकडची सगळी मंडळी मुक्कामाला येतात, लगेच तुळशीचं लग्न, आणि तोवर गावी कापूस फुटून पांढरा झालेला. वेचायला मजूर मिळत नाहीत म्हणून यांच्या गावाकडे चकरा, मागे घर माझ्याकडे.

आता सगळे गेले, पोरांच्या शाळा लागल्या. तरी माझी गाडी रुळावर येत नाही. रात्री बारा वाजून गेले तरी डोळा लागत नाही, सकाळी उठवत नाही. जेवलं की छातीत जळजळ. विनाकारण पोरांवर ओरडते. ओट्यावर डबे तसेच: शेवेचा चुरा, चिवड्याच्या तळाशी राहिलेलं डाळं-मीठ, कडक झालेले अनारसे. कोणी खात नाही आणि टाकवतही नाही. येता-जाता माझाच हात डब्यात.

काय नको ते आधीच सांगते. डिटॉक्सचे काढे नकोत, ऑनलाइन शिबिरं नकोत. 'दोन दिवस कुठे जाऊन या' हेही नको. आमच्याकडे जाऊन येणं म्हणजे आदल्या रात्री दशम्या-ठेचा करा आणि आल्यावर धुण्याचा ढीग उपसा. घरात सासूबाई आहेत, स्वभावाने गरीब, पण मी बसले की त्या उठतात आणि भांडी घासायला घेतात. मग मी कशी बसणार? रोज अर्धा-पाऊण तास निघेल, पैसे फारसे लागू नयेत, असं काही असेल तर सांगा.

---

केळीचं पान: ताई, रात्री लवकर झोपायच्या मागे लागू नका, ते हातात नसतं. उठायची वेळ मात्र पक्की करा, रविवारीसुद्धा तीच. उठल्यावर थोड्या वेळाने बाहेर उजेडात जा. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, चार भिंतींतल्या ट्यूबलाइटवर नाही. सध्या साडेसहा-पावणेसातला उजाडतं, हवा छान गार असते. मेहरूण तलावाला चक्कर मारा, लांब पडत असेल तर गच्चीवर जा. फोन घरी. आठवडाभर तरी नेटाने करा, दुसऱ्या दिवशी फरक शोधू नका.

साधा कागद: पाहुण्यांबरोबर चहा किती वेळा झाला ते आठवा. संध्याकाळी पाहुणे, सहाला चहा, आठला परत चहा. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. दुपारी चारनंतरचा चहा बंद केला तर झोपेचं अर्धं काम होईल. खान्देशात हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं आहे, तरी सांगतो.

वॉर्डातली ताई: दवाखान्यात काम करते म्हणून लिहिते. जळजळीसाठी जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. जेवून लगेच आडवं होऊ नका, दहा-पंधरा मिनिटं अंगणात शतपावली करा. तळलेलं थांबवा. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, पालेभाजी, ताक एवढ्यावर काही दिवस काढा. शरीर 'शुद्ध' करायला वेगळं काही प्यावं लागत नाही, ते काम लिव्हर-किडनी करतातच. मात्र थकवा दोन-तीन आठवड्यांनीही तसाच राहिला, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. आपल्या बाया दम लागेपर्यंत दिवाळीलाच दोष देत बसतात. आणि छातीतली कळ हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, तर ॲसिडिटी म्हणून घरी थांबू नका.

जुनी पाचोरेकर: आराम कर सांगतस सगळा, पन कोन करू देस? पोरी, सासूबाई उठतात कारण त्यांना रिकामं बसायची सवय नाही. तू एकटीने बसू नको, त्यांना घेऊन बस. तुरीच्या शेंगा सोलायला घ्या, नाहीतर मेथी निवडा. हात चालू राहतात, डोकं मोकळं होतं, बोलणं होतं. माझ्या सासूशी माझं जे काही जमलं ते ओसरीत मेथी निवडताना. आणि ते डबे आजच रिकामे कर. शेव चांगली असेल तर एकदा शेवभाजी कर.

साधा कागद: जळजळीवर शेवभाजी! वा काकू.

जुनी पाचोरेकर: तिने खायची कोणी सांगितली? घरच्यांना घाल. आणि तेलाचा वास लागलेलं असेल तर सरळ फेक. आपल्याला नको ते कापूस वेचणाऱ्या बायांच्या पदरात घालायचं, हे मला पटत नाही.

सातपुडा पायथा: वहिनी, भरीत पार्टी करा, पण नियम घालून. बामणोदकडची मोठी हिरवी वांगी आता बाजारात येतात. आमच्याकडे शेतात काड्यांवर वांगी भाजणं, सोलणं, बडजीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचणं सगळं माणसांकडे. कांद्याची पात, मिरची-लसूण, शेंगदाणे, कोथिंबीर. बायकांनी बांधावर बसायचं आणि मीठ कमी आहे एवढंच सांगायचं. पुरीची भानगड नको, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी एखाद्या घरून विकत आणा. मिरची तुमच्या वाट्याच्या भरतात कमी घालायला सांगा.

केळीचं पान: आणि आल्यावर बडजी कोण घासतं?

सातपुडा पायथा: तिथेच घासूनच आणायची. सांगितलं ना, नियम घालून.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. डबे आज दुपारीच रिकामे केले. अनारसे फेकताना सासूबाई हळहळल्या, पण थांबवलं नाही. चारनंतरचा चहा माझ्यापुरता बंद, बाकीच्यांना करून द्यावाच लागेल. सकाळी गच्चीवर जायचं ठरवलंय. तलावाला जायचं तर पोरांच्या डब्याचं गणित बसत नाही. वॉर्डातल्या ताई, कळ वगैरे काही नाही, पण हिमोग्लोबिन मागेही कमी निघालं होतं, तेव्हा शनिवारी तपासून घेते.

भाजीचं काकूंचं एकदम पटलं. गावाहून तुरीच्या शेंगा यायला अजून वेळ आहे, तोवर मेथी.

भरताचं यांच्या कानावर घातलं. 'आम्ही करू' म्हणालेत, भाऊबंदांना फोनही झाले, आणि लगेच विचारलं की तीस माणसांना भाकरी किती लागतील. सातपुडा दादा, मी घरच्या घरी आठ माणसांचं म्हणत होते. आकडा खाली कसा आणायचा तेवढं सांगा. आमची बडजी तडकली आहे, नवी लाकडी सावद्याकडे मिळते का?