पदवीपूर्व, पदवीस्तरीय की आणखी काही?

अजनीचे_मास्तर: नागपुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. बीएची मुलं निबंध वाचणार आहेत, त्याचं पत्रक करतोय. वर लिहिलं ‘पदवीपूर्व संशोधन परिषद’. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, पदवीपूर्व म्हणजे अकरावी-बारावी. आमच्याकडे तर बीए ते पदवीपूर्व आणि एमए ते पदव्युत्तर असंच म्हणत आले. बरोबर काय?

बेळगावची_लेक: मॅडमचं बरोबर. कर्नाटकात पदवीपूर्व कॉलेज म्हणजे अकरावी-बारावीच, पीयूसी. माझं लग्न ठरलं तेव्हा नागपूरची मंडळी म्हणाली, ‘धाकटा पदवीपूर्वला आहे.’ आईने विचारलं, ‘म्हणजे बारावी व्हायचीय?’ तो बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होता.

रामटेकी: पदव्युत्तर चालतं तर पदवीपूर्वही चालायला हवं, जोडी आहे ती. ‘पदवीस्तरीय’ हा परिपत्रकातला शब्द. कोणाच्या तोंडी ऐकलाय?

तत्समप्रेमी: ‘स्नातक’ घ्या की. हिंदीवाले घेतातच.

रामटेकी: स्नातक म्हणजे विद्या पुरी करून समावर्तनाचं स्नान केलेला. शिकत असलेल्याला तो शब्द कसा लावणार?

निवृत्त_ग्रंथपाल: मला अडचण ‘संशोधन’ या शब्दाची वाटते. वीस वर्षांची मुलं चार पुस्तकं वाचून लिहितात, त्याला प्रकल्प म्हणावं. संशोधनाला साधनांचा अभ्यास लागतो, वर्षं लागतात. भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 साली निघालं ते कागद मिळवून, तपासून छापायला. त्या शब्दाचं वजन राखा.

अजनीचे_मास्तर: काका, हे नाही पटत. आमची एक मुलगी एम्प्रेस मिलमधल्या जुन्या कामगारांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी टिपून घेतेय. ती कापडाची मिल 1877 ची. मालकांबद्दल भरपूर छापलंय, साच्यावर उभ्या राहिलेल्या बायकांबद्दल किती? ती माणसं आता थकलीत. पुढे पीएचडीला कोणी येईपर्यंत ती थांबणार नाहीत. दुसरा एक मुलगा 1953 चा नागपूर करार कलमवार वाचून, विदर्भाला दिलेलं कोणतं आश्वासन पाळलं गेलं ते तपासतोय. याला प्रकल्प म्हणायचं, तर थर्माकोलच्या किल्ल्याला काय म्हणायचं? आता चार वर्षांच्या पदवीतही पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन करता येतं. नियमानेच शब्द दिलाय.

सावनेर_नाका: नियम-कायद्याचं म्हणाल तर आमच्या घरी हिंदी-मराठी दोन्ही. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, संविधान संशोधन. आणि मराठी संशोधनाला हिंदीत ‘शोध’. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्या काळचे हिंदी कागद चाळताना ‘संशोधन विधेयक’ दिसलं की मराठी पोरं विचारतात, संशोधनावर कायदा कशाला?

तत्समप्रेमी: म्हणूनच ‘शोधार्थी’, ‘शोधकार्य’ हे आपल्याकडे घुसलेलं हिंदी आहे. थांबवायला हवं. मराठीत शोध वाफेच्या इंजिनाचा लागतो, नाहीतर हरवलेल्या माणसाचा घेतात.

सावनेर_नाका: घुसलेलं कसं जी? दोन्ही ‘शुध्’ धातूचेच. आणि नागपुरात हिंदी काल नाही आली. आता ‘शोधनिबंध’ पुण्यातही लिहितात, तो आधी काढा.

निवृत्त_ग्रंथपाल: शोधनिबंध मराठीच आहे. आपल्या इथे विदर्भ संशोधन मंडळ आहे, विदर्भ शोध मंडळ नाही, एवढं लक्षात घ्या.

महालकर: मास्तर, पत्रकात 1923 च्या सत्याग्रहाचा निबंध असेल तर ‘ध्वज सत्याग्रह’ छापू नका. आमच्या आजोबांच्या तोंडी कायम झेंडा सत्याग्रहच होता. जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई आले, तेव्हा सिव्हिल लाइन्सकडे निघालेली माणसं झेंडाच घेऊन निघाली होती.

तत्समप्रेमी: राष्ट्रध्वज म्हणतो ना आपण? मग ध्वजच.

महालकर: तो संविधान सभेने 1947 साली स्वीकारला, तिथे ध्वज म्हणा. 1923 चा तो चरख्याचा झेंडा होता. ज्यांनी त्यासाठी तुरुंग पाहिला त्यांचा शब्द बदलायचा हक्क आपल्याला नाही.

अजनीचे_मास्तर: झेंडाच ठेवतो. पण वरच्या ओळीचं काय? पत्रक छापायला द्यायचंय.

बेळगावची_लेक: ‘बीएच्या विद्यार्थ्यांचं संशोधन’ लिहा. आईलाही कळेल.

रामटेकी: आणि बीएस्सीची मुलं आली तर?

महालकर: त्या मिलवाल्या मुलीला सांगा, ‘गिरणी कामगार’ लिहू नको. ते मुंबईचं. इथे मिल मजूरच म्हणायचे.

निवृत्त_ग्रंथपाल: मजूर नाही, कामगार. मजूर रोजंदारीवर असतो, मिलमध्ये माणूस हजेरीपटावर असे.

महालकर: बदली मजूर कुठे होते हजेरीपटावर?