कोल्हापुरात हीटर मागणारी माणसं

भट्टीवाला:
काल 'मायक्रॉनवाली' ताईंची पोस्ट वाचली आणि तेव्हापासनं डोकं फिरलंय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: क्वालिटी रूमच्या (तयार पार्ट मोजून तपासायची खोली) एसीतला हीटर जळाला, चार दिवस झाले दुरुस्ती नाही, पहिल्या पाळीला आत 15 डिग्री, मालक म्हणतात स्वेटर घाला. म्हणून काय, तर हीटर बसेपर्यंत सकाळचं इन्स्पेक्शन बंद ठेवा! अहो ताई, आपण कोल्हापुरात राहतो, कारगिलात नाही. शिरोलीत फौंड्रीला 19 वर्षं काढली मी. मे महिन्यात 1400 डिग्रीचा लोखंडाचा रस ओतताना आम्ही कधी काम बंद ठेवा म्हणालो नाही. तालमीतली पोरं डिसेंबरात पहाटे लंगोटावर हौद्यात उतरतात. 15 डिग्रीला आमच्याकडं 'हवा छान पडलीय' म्हणतात.

मायक्रॉनवाली:
दादा, पोस्ट अर्धीच वाचलीत. बंद ठेवा म्हटलं ते माझ्या नाकासाठी नव्हे, जॉबसाठी, म्हणजे मोजायच्या पार्टसाठी. मोजमाप 20 डिग्रीचं धरायचं, हे जगभर ठरलेलं आहे. आमचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं, 200 मिलिमीटर लांब. पाच डिग्री कमी झाली की ते 23 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आखडतं. मशीनची पोलादी स्केल त्याच्या निम्म्यानं आखडते. म्हणजे निव्वळ चूक 11-12 मायक्रॉन, आणि माझी टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) 15 ची. परवा सकाळी रिजेक्ट केलेले जॉब दुपारी ओके आले. बोलणी कुणी खाल्ली? मी.
आणि आता नाकाचंही सांगते. तुम्ही भट्टीपाशी हलता-फिरता. मी आठ तास गार ग्रॅनाइटवर मनगट टेकून बसते. दहा वाजेपर्यंत बोटांना स्क्रू कळत नाही.

उद्यमनगरी:
सीएमएमला (ते मोजायचं मशीन) टेम्परेचर कॉम्पेन्सेशन, म्हणजे तापमानाचा फरक वजा करायची सोय असतंय. आकडा टाकायचा, विषय संपला. सगळी निमित्तं.

मायक्रॉनवाली:
जॉबला सेन्सर लावायची सोय असेल तर. आमचं मशीन जुनं आहे. जॉब मशीनिंगवरनं गरम येतो, रूम 15 ला, तो तासभर निवतच असतो. कुठला आकडा टाकू, तुमचा पिनकोड?

गंगावेशकर:
भांडताय कशाला, कोळशाची शेगडी ठेवा कोपऱ्यात. आमची आजी आयुष्यभर शेकत बसली.

गुळव्या:
@गंगावेशकर असले सल्ले देऊ नका. माझ्या मामानं गुऱ्हाळावरच्या खोलीत दार लावून शेगडी ठेवली होती. पहाटे चुलवाण पेटवायला उठला नाही म्हणून गडी बघायला गेला, तर मामा दारापाशी आडवा. वाचला, नशीब. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आजी ओसरीवर शेकत होती, बंद खोलीत नव्हे.

गंगावेशकर:
बरं बाबा, चुकलं. मग करंटचा हीटर लावा.

मायक्रॉनवाली:
लावला. सहकाऱ्यानं घरनं 2000 वॅटचा आणला आणि कॉम्प्युटरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटात खुपसला. हीटर ओढतो जवळजवळ 9. प्लग वितळला, रिपोर्ट गेले, आता मेमो त्याच्या नावावर.

बिरोबाचा भक्त:
एवढा खटाटोप! घोंगडी घ्या अंगावर.

रविवारवाला:
हल्ली घोंगडी म्हणून जे विकतात ते ॲक्रिलिक असतं. त्यानं काय ऊब येणार.

बिरोबाचा भक्त:
तुम्हाला ओळखता येत नाही तर मेंढीचा काय दोष? आमच्या आज्ज्यानं पट्टणकोडोलीच्या यात्रेत घेतलेली अजून घरात आहे. खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. भुरभुर पावसात डोक्यावर घेऊन मेंढरांमागं फिरायचा, आत थेंब नाही.

रविवारवाला:
टोचते मात्र.

बिरोबाचा भक्त:
टोचते तीच खरी! तुम्हाला मऊ पाहिजे म्हणून मिलच्या ब्लँकेटी आल्या आणि आमचे माग बंद पडले. कुरणात प्लॉट पाडले, मेंढरं कुठं चारायची? विणणाऱ्या घरातली पोरं आज एमआयडीसीत हेल्परला आहेत. त्यावर कोण धागा काढत नाही, एसीतल्या थंडीवर मात्र शंभर माणसं जमतात.

रविवारवाला:
मी काय प्लॉट पाडले काय? उगाच अंगावर येऊ नका.

मायक्रॉनवाली:
तुमचं दुःख खरं आहे हो, पण लोकरीचा एक तंतू स्लिप गेजच्या (एकमेकांना चिकटवून माप धरायचे गुळगुळीत ठोकळे) तोंडावर बसला की गेज एकमेकांना चिकटत नाहीत. आत घोंगडी सोडा, माझा लोकरी स्कार्फसुद्धा चालत नाही. 'स्वेटर घाला' म्हणणाऱ्या मालकांना हेच सांगत होते.

पुण्यात अडकलेला:
कायद्याचं कुणी बोलेना. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम 1948 होता, त्याच्या कलम 13 मध्ये होतं: कामगाराला बऱ्यापैकी सोयीचं वाटेल आणि तब्येत बिघडणार नाही असं तापमान ठेवायचं. कमीत कमी किती डिग्री, हे त्या कलमात नव्हतं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत 16 आहे, जड अंगमेहनतीला 13.

भट्टीवाला:
बघा! 13! गोरे 13 ला काम करतात.

पुण्यात अडकलेला:
अंगमेहनतीचे, काका. बसून काम करणाऱ्याला 16. ताई 15 ला बसल्यात.

भट्टीवाला:
तू पुण्यातनं आम्हाला कायदा शिकवू नको.
(थोड्या वेळानं) बरं, ते मायक्रॉनचं एक विचारायचं होतं. आमच्या धाकट्याचा जॉबवर्कचा लॉट जानेवारीत अंडरसाइज म्हणून परत आलेला. ॲल्युमिनियमच होतं. पोरगं आठ दिवस मशीनची सेटिंग तपासत बसलं, काही सापडलं नाही. तिकडं सकाळच्या पाळीला मोजलं असेल काय?

मायक्रॉनवाली:
रिपोर्टवर वेळ आणि रूमचं तापमान लिहिलंय का ते बघायला सांगा. नसेल तर मागा.

भट्टीवाला:
मागतो. तरी 15 ला थंडी म्हणणार नाही मी.

मायक्रॉनवाली:
नका म्हणू. आमचा हीटर आज दुपारी बसला. पाच दिवस न मिळालेला पार्ट दोन तासांत आला, कारण उद्या कस्टमरचं ऑडिट आहे.

बिरोबाचा भक्त:
@रविवारवाला, खरी पाहिजे असेल तर सांगा. टोचंल.