कणीस सोलून बघता की चाचपून? तुमचे अनुभव सांगा

परवा कर्वेनगरात भाजी घ्यायला एका मोठ्या दुकानात गेले होते. स्वीट कॉर्नच्या क्रेटमध्ये पंचवीसेक कणसं असतील. त्यातल्या निम्म्यांचा शेंड्याकडचा पाला ओढून खाली केलेला, काही दाण्यांवर नखाच्या खुणा. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी चार सोलली, चारही परत टाकली आणि पाचवं, कुणी हात न लावलेलं, पिशवीत घातलं. मी गप्प राहिले, आणि तेच मनाला लागून राहिलं. कारण मीही कित्येक वर्षं शेंडा उघडूनच कणीस घेत आले आहे. आत अळी निघेल, दाणे भरले नसतील, ही धाकधूक असतेच. आता पाऊस लागलाय, घरोघरी कणसं येतील. तुम्ही कशी निवडता? विकणाऱ्यांनी आणि पिकवणाऱ्यांनीही जरूर लिहा.

*

आमचा मंडईत गाळा आहे, सासऱ्यांच्या वेळेपासून. सोललेल्या कणसाचं काय होतं ते सांगते. सकाळी कुणी पाला ओढला की दुपारपर्यंत वरचे दाणे सुकायला लागतात, प्रत्येक दाण्याला मधे खळगा पडतो. नख लागलेला दाणा दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. पुढचं गिऱ्हाईक ते कणीस उचलतं, बघतं आणि बाजूला ठेवतं. संध्याकाळी पडेल भावात काढायचं, नाहीतर घरी नेऊन दाणे सोलायचे. ‘ताई, सोलू नका हो’ म्हटलं तर माणसं रागावून पुढच्या गाळ्यावर जातात, म्हणून तोंड मिटून बघत बसावं लागतं. एक आजोबा मात्र नेहमी म्हणतात, ‘पोरी, तूच निवडून दे.’ त्यांना मी खराब कणीस कधी देऊच शकत नाही.

*

मी मंचरकडचा, आमच्याकडे दरवर्षी मका असतो. कणसाला केस फुटले की साधारण 20 दिवसांनी तोडणी येते. दाणा तेव्हा दुधात असतो. चार दिवस उशीर झाला की निबर. तोडतो ते पहाटे, कारण कणीस तोडल्यावर दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो आणि उन्हात हे फार झपाट्यानं होतं. म्हणून आतून बघण्याआधी कणीस कधीचं आहे ते बघा. देठ जिथून मोडलाय तिथं ओलसर, फिकट दिसलं तर ताजं, काळपट आणि कोरडं असेल तर शिळं. पाला हिरवा आणि घट्ट बसलेला हवा. केसांची टोकं तपकिरी झालेली चांगली, पण केस आत पाल्याशी ओलसर लागले पाहिजेत.

मग अंगठ्यानं पाल्यावरूनच शेंड्यापासून खाली चाचपत या. दाण्यांच्या रांगा हाताला कळतात, पोकळ जागाही कळते. केसाचा एकेक धागा एकेका दाण्याचा असतो. ज्या धाग्यावर पराग पडला नाही तिथं दाणा भरत नाही. त्यामुळं शेंडा बोटभर रिकामा असला म्हणून कणीस बेचव ठरत नाही, खालचे दाणे तितकेच गोड असतात. आणि अळीचं म्हणाल तर 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशात आल्यापासून आम्हीही बेजार आहोत. पाल्याला भोक आणि त्यापाशी ओला भुसा दिसला तर ते कणीस घेऊ नका. न सोलता बाहेरूनच दिसतं ते. पण शेंड्यालाच अळी निघाली तर तेवढा तुकडा कापून टाका, बाकीचं खुशाल खा. अख्खं कणीस फेकलेलं बघवत नाही.

*

मी बाणेरला एका दुकानात भाजीच्या विभागात काम करतो. आमच्याकडे कणीस किलोवर जातं, त्यामुळं वजन कमी व्हावं म्हणून लोक पाला काढतात. आम्ही शेजारी टब ठेवलाय. स्वतःची तीन कणसं सोलून तीनही घेऊन जाणाऱ्याचं मला काहीच वाटत नाही. अर्धं सोलून परत ठेवलेलं मात्र रात्री आम्हालाच बाजूला काढावं लागतं.

*

वरच्या दादांना एक विचारते. किलोवर विकायचं तर पाल्याचे पैसे आम्ही का द्यायचे? आमच्या सहकारनगरातल्या हातगाडीवर नगावर मिळतं, तिथं सोलण्याचा प्रश्नच येत नाही. मोठ्या दुकानांनीही नगावर द्यावं. गिऱ्हाईकाला शिस्त लावायची तर ही सोय आधी हवी.

*

सिंहगडावर कणसं भाजणाऱ्या एका मावशींना मी विचारलं होतं, ‘न बघता कसं कळतं?’ त्यांनी एक कोवळं आणि एक निबर कणीस माझ्या दोन हातांत दिलं आणि डोळे मिटायला लावले. कोवळं दाबलं की किंचित दबतं, निबर दगडासारखं लागतं. तेव्हापासून मी पाला ओढलेला नाही. (मावशींचं मत असं की भाजायला देशी मकाच हवा, स्वीट कॉर्न उकडायला. मलाही पटतं.)

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा त्याच दुकानात गेले. देठ बघितला, चाचपून तीन कणसं घेतली, एकही सोललं नाही. घरी एकाच्या शेंड्याला अळी निघाली. बोटभर तुकडा कापला, बाकीचं उकडून मुलांनी मीठ-लिंबू लावून खाल्लं. क्रेटपाशी एक कॉलेजातला मुलगा पाला ओढायला लागला होता. या वेळी मी बोलले. ‘अरे, आधी असं वरून चाचपून बघ.’ त्यानं चाचपलं, दुसरं उचललं, तेही चाचपलं आणि विचारलं, ‘काकू, हे भरलेलं आहे ना?’ भरलेलं होतं.